गजकर्णाची ट्यूब आणि मेडिकलवाल्याची थाप

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरजवळ फाउंड्रीत कामाला आहे. भट्टीची धग, अंगातच मुरणारा घाम आणि वर जाड जीन्स. जांघेत गजकर्ण उठलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने ट्यूब काढून दिली. "डॉक्टरकडं कशाला पैसे घालवताय? साधं बुरशीचं मलम आहे, दोन दिवसांत खाज जाईल." खोका स्वतःकडेच ठेवला, बिल दिलं नाही.

खाज खरोखर थांबली. लावणं बंद केलं की मात्र पुन्हा उठायची, आधीपेक्षा जास्त पसरून. मग पुढची ट्यूब. "गजकर्ण चिवट असतं, लावत राहा," हे त्याचं ठरलेलं उत्तर. पावसाळाभर हेच चाललं. चट्टे कंबरेपर्यंत गेले, भावजयीला आणि लहान पुतणीलाही लागण झाली.

त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं: क्लोबेटासॉल. अतिशय तीव्र स्टेरॉइड. ते लाली आणि खाज दाबतं, पण बुरशीशी लढणारी त्वचेची ताकदही दाबतं. वरून सगळं शांत दिसतं आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. गजकर्णाची ओळखीची गोल कडाही पुसट होते, म्हणून त्यांनी खवले खरवडून तपासायला पाठवले. जांघेतली कातडी पातळ होऊन लांब लालसर पट्टे उमटलेत. त्यांचा रंग फिका होईल, पण ते पुरते जाणार नाहीत. ऐन पंचविशीतल्या पोराचं हे नुकसान कोण भरून देणार?

अशी स्टेरॉइड मलमं 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्या माणसाला हे माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. माहीत नव्हतं तर खोका कशाला काढून घेतला?

आता तिघांवर एकाच वेळी उपचार चालू आहेत. भावाला बुरशी मारणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या आणि स्टेरॉइड नसलेलं मलम दिलंय. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावायचं आणि कातडी स्वच्छ दिसली तरी मॅडम सांगतील तोवर थांबायचं नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेले.

तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर आजच तिच्यावर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन ही स्टेरॉइडची नावं शोधा. सापडली तर ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बंद केल्यावर काही दिवस खाज भडकते, आणि नेमकं तेव्हाच माणूस पुन्हा मेडिकलची पायरी चढतो.