धातूची चकाकी आणि जवसाचे तेल : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षीचा पोळा झाल्यावर मी छोट्या प्रतिकृतींवरील धातूचे भाग रंगविण्यासाठी अॅक्रिलिक (पाण्यात मिसळणारे) धातुरंग आणि तेलरंग एकत्र वापरायला सुरुवात केली. त्याला आता अकरा महिने झाले आहेत. या काळात ७५ मिलिमीटर उंचीच्या तीन फिगर, म्हणजे माणसांच्या प्रतिकृती, पूर्ण झाल्या : पूर्ण पोलादी कवच घातलेला मध्ययुगीन युरोपीय सरदार, चिलखत घातलेला दख्खनी घोडेस्वार आणि हाती पट्टा (हात झाकणाऱ्या मुठीची लांब तलवार) घेतलेला मराठा शिपाई. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातील आमच्या गावी या छंदाचे सामान मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक बाटली मागवून घ्यावी लागते आणि ती वाया गेली तर पुढची यायला आठवडा जातो. म्हणूनच कोणती वस्तू खरोखर उपयोगी पडली, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

सामान फार नव्हते. वायेहो कंपनीच्या मेटल कलर मालिकेतील अॅल्युमिनियम आणि गनमेटल (गडद करडा) या ३२ मिलिलिटरच्या दोन बाटल्या, एका दुकानातून घेतलेली सोनेरी रंगाची बाटली, आयव्हरी ब्लॅक, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), प्रशियन ब्ल्यू (गडद निळा) आणि टायटॅनियम व्हाइट या तेलरंगांच्या पाच ट्यूब, वास नसलेला थिनर आणि चकचकीत व मॅट अशी दोन प्रकारची वार्निशे.

पहिल्या फिगरवर मी तीच चूक केली, जी बहुधा प्रत्येक जण करतो. चकचकीत काळ्या थरावर अॅल्युमिनियमचे दोन पातळ हात दिले आणि सरदाराचे कवच लखलखीत झाले, पण ते पोलाद वाटेना. चॉकलेटच्या वेष्टनासारखे दिसू लागले. रंग उत्तम होता. त्याचे कण इतके बारीक आहेत की भिंगाखालीही सुटे दिसत नाहीत, आणि या आकाराच्या फिगरसाठी हा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. उणीव माझ्या पाहण्यात होती. त्याच सुमारास खरिपातली डवरणी-वखरणी आटोपून वखर गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि त्याची पास, म्हणजे मातीत चालणारे लोखंडी पाते, मी प्रथमच रंगविणाऱ्याच्या नजरेने पाहिली. काळ्या मातीने घासून घासून तिची धार आरशासारखी झाली होती, धारेच्या मागे बोटभर रुंदीचा निळसर करडा पट्टा होता, आणि त्याही मागे, जिथे माती घासली जात नाही तिथे, तपकिरी काळा थर चढलेला होता. एकाच लोखंडावर तीन रंग, आणि त्यांतील चकाकीचा वाटा सर्वांत लहान. उरलेल्या भागाचा काळोख नसता तर ती धार चमकलीच नसती.

तेलरंगाचे खरे काम तिथून सुरू झाले. धातुरंगाचा थर पूर्ण वाळू द्यावा, त्यावर चकचकीत वार्निशचा एक हात द्यावा आणि किमान २४ तास थांबावे. नाहीतर थिनर खालचा थर उचलतो. मग आयव्हरी ब्लॅकमध्ये थोडा प्रशियन ब्ल्यू मिसळून तो रंग कवचाच्या खोलगट आणि खाली वळलेल्या भागांवर अगदी थोडा लावावा आणि स्वच्छ, कोरड्या, मऊ कुंचल्याने त्याची कड वर ओढत विरवावी. अॅक्रिलिक काही मिनिटांत बसते, तेलरंग मात्र कित्येक तास हलविता येतो आणि चुकला तर थिनरने पुसूनही टाकता येतो, त्यामुळे घाई उरत नाही. उजळ भागाकडून गडद भागाकडे जाताना एखादी पायरी दिसू न देता जाणे मला अॅक्रिलिकमध्ये कधीच जमले नव्हते; तेलरंगात ते दुसऱ्याच दिवशी जमले.

घासून गुळगुळीत केलेले पोलाद समोर जे असेल ते दाखविते, म्हणजे वरच्या अंगाला आकाश आणि खालच्या अंगाला जमीन. म्हणून शिरस्त्राणावर आणि छातीवर वरून खाली येताना रंग हळूहळू गडद होत नाही. मध्यावर जवळजवळ काळी अशी क्षितिजाची रेघ येते आणि तिच्याखाली मातीचा ऊबदार रंग पुन्हा उजळतो. त्या खालच्या भागात मी बर्न्ट सिएनाचा अगदी पातळ हात दिला. काळ्या मातीच्या प्रदेशात राहणाऱ्याला तिथे अंबर द्यावासा वाटेल, पण उन्हात तापलेल्या धुळीची छटा सिएनाने अधिक खरी दिसते. हा एक हात दिल्यावर कवच प्रथमच जड वाटू लागले.

चिलखताच्या कड्यांना मात्र एवढे सोपस्कार लागत नाहीत. काळा थर, त्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने गनमेटल, मग काळा आणि अंबर यांचा पातळ वॉश (खोलगट जागी उतरणारा पाणीदार हात), शेवटी खांद्यावर आणि पोटावर अॅल्युमिनियमचा हलका स्पर्श. एका संध्याकाळचे काम आहे.

पितळेने सर्वांत जास्त दिवस घेतले. सोनेरी बाटलीतील कण मोठे होते. पट्ट्याच्या मुठीला ते लावले तेव्हा लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवरील चमकी उडाल्यासारखे दिसले. त्या बाटलीची मी शिफारस करणार नाही. पुढे अॅल्युमिनियमच्या थरावर पारदर्शक पिवळ्या आणि तपकिरी अॅक्रिलिक शाईचे हात देऊन पितळ बनविले आणि सावलीसाठी बर्न्ट अंबरमध्ये निळ्याचा कण मिसळून हिरवट झाक आणली. ते आईला दाखविले, तर तिने एवढेच विचारले, “हे पितळ चिंचेनं घासलं हाय का राखडीनं?” या प्रश्नाइतका नेमका अभिप्राय मला कोणाकडूनही मिळालेला नाही. चिंचेने घासलेला गुंड (पाण्याचे मोठे भांडे) उजळ पिवळा आणि किंचित गुलाबीसर दिसतो. राखेने घासलेल्या गडव्यावर (तांब्यावर) मऊ, विखुरलेली चमक असते. शिपायाच्या हातातील शस्त्र राखेने घासल्यासारखेच असणार, म्हणून चकचकीत वार्निशमध्ये मॅट वार्निशचे काही थेंब मिसळून एक हात दिला. संपूर्ण मॅट वार्निश धातूवर कधीही देऊ नये, कारण ते धातूचा जीवच काढून घेते.

गंजाबद्दल मी आता बराच कंजूष झालो आहे. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, जुनी शस्त्रे काचेमागे पाहताना हे मनात आले की ज्याचा जीव शस्त्रावर अवलंबून असे, तो त्याला तेल लावून, पुसून ठेवत असणार. त्यामुळे बर्न्ट सिएनाचा ठिपका फक्त रिव्हेटभोवती आणि म्यानात घासल्या न जाणाऱ्या सांध्यांत द्यावा; पात्यावर गंज पसरविला तर शिपाई आळशी ठरतो.

हवामानाचा परिणाम कोणत्याही डबीवर छापलेला नसतो, म्हणून तो सांगणे मला आवश्यक वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा अॅक्रिलिक कुंचल्याच्या टोकावरच वाळते. स्टीलच्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवून मी रंग ओला ठेवला आणि काम पहाटेच उरकले. तेलरंगाचे उलटे आहे. तो पाणी उडून वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि उष्णतेने ही क्रिया वेगवान होते. उन्हाळ्यात अंबरचा पातळ हात दीड दिवसात वाळला, तोच आता श्रावणाच्या तोंडावर चार दिवस घेत आहे. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो मुळातच लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक मात्र सर्वांत आळशी आहे, त्याला पावसाळ्यात आठवडाही पुरला नाही. यावर एक उपाय लागू पडला : ट्यूबमधील रंग कोऱ्या पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवला की जादा तेल पुठ्ठा शोषतो, रंग लवकर वाळतो आणि त्याचा अनावश्यक तुळतुळीतपणाही जातो.

आमच्याकडे जवस पिकते, तेव्हा घाण्याचेच तेल का वापरू नये, असेही मला वाटले होते. ते मी एका टाकाऊ तुकड्यावर वापरून पाहिले. तीन आठवड्यांनंतरही तो तुकडा चिकट होता आणि त्यावर धूळ बसून राहिली. चटणीसोबतचे तेल चटणीसोबतच राहू द्यावे. चित्रकारांचे शुद्ध केलेले तेल वेगळे असते आणि या पद्धतीत तेही वेगळे घालावे लागत नाही.

याच तेलाबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर तेल घट्ट होताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात. भाव येईपर्यंत ज्यांच्या खोलीत कापूस भरलेला असतो, त्यांनी अशी चिंधी घरात ठेवूच नये. मी ती पाण्याच्या डब्यात बुडवून, झाकण लावून, अंगणाच्या टोकाला ठेवतो. थिनर वापरताना खिडकी उघडी असावी, आणि कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो तोंडात घालण्याची सवय असेल तर ती मोडावी.

तिसऱ्या फिगरच्या पट्ट्याचे पाते मी धातुरंगाशिवाय, केवळ काळा, निळा आणि पांढरा तेलरंग वापरून रंगविले. समोरून ते तिन्हींमध्ये सर्वांत देखणे दिसते. मात्र फिगर वळविली की रंगवलेला उजेड जागेवरच राहतो आणि पाते खोटे पडते. फळीवर एकाच बाजूने ठेवायची फिगर असेल तर हा मार्ग घ्यावा. हातात घेऊन फिरवून पाहण्याच्या फिगरला धातुरंगाचाच पाया हवा.

अकरा महिन्यांनंतर अॅल्युमिनियमची बाटली अर्ध्याहून अधिक शिल्लक आहे. तिच्या तळाशी कण बसतात, म्हणून प्रत्येक वेळी ती मिनिटभर हलवावी लागते, पण रंग पहिल्या दिवसासारखाच आहे. गनमेटल संपत आले आहे आणि ते मी पुन्हा मागविले आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आठ-दहा धातुरंगांचा संच घेऊ नये. या दोन बाटल्या, काळा, अंबर आणि सिएना एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते. सध्या टेबलावर चौथ्या फिगरचे शिरस्त्राण पालथ्या वाटीखाली ठेवले आहे, त्यावरचा काळा हात अजून ओला आहे.