सरळ धाव की गोल रिंगण?

धावत्या घोड्यावर उभं राहायचं, तर घोडा सरळ पळवावा की गोलात? सरळ धावेत घोडा क्षणात प्रेक्षकांसमोरून निघून जातो आणि स्वाराला तोल फक्त पायांवर सांभाळावा लागतो. गोलात घोडा आतल्या बाजूला कलतो, स्वारही तितकाच कलतो आणि पाय पाठीवर दाबून बसतात. शिवाय खेळ सतत डोळ्यांसमोर.

गोलात घोडा फिरवणारे आधीही होते. पण घोडदळातून बाहेर पडलेल्या फिलिप ॲस्टलेने १७६८ मध्ये लंडनच्या लॅम्बेथमध्ये त्यावर खेळ उभा केला आणि पुढे रिंगणाचा व्यास ४२ फुटांवर आणला. ताशी १८ किलोमीटरच्या दौडीला इथे सुमारे २२ अंश कलावं लागतं. ६२ फुटी रिंगणात १५ अंशच. रिंगण फार लहान केलं, तर घोड्याला दौड टिकवता येत नाही.

धोका वेग बदलण्यात आहे. घोडा अचानक मंदावला की कललेला स्वार थेट आत पडतो. म्हणून मधोमध उभा माणूस लांब चाबकाने चाल एकसारखी राखतो. उभ्याने स्वारी शिकायची, तर माझं मत निःसंशय रिंगणाला. सरळ धाव उड्या आणि शर्यतींसाठी ठेवावी.