पाऊस पाडणारा ‘ड्यून’ की न पाडणारा?

भाचीचा मेसेज आला, “मामा, ड्यून बघायचाय. जुना आधी की नवा?” उत्तर द्यायला मी दोन दिवस घेतले. तिला वाटलं मी कामात आहे. खरं तर मी जुन्या सिनेमाचा शेवट परत लावून बघत होतो, आपला राग अजून तितकाच आहे का हे तपासायला. आहे.

जुना म्हणजे डेव्हिड लिंचचा, १९८४ चा. नवा म्हणजे डेनी व्हिलनव्हचा. २०२१ आणि २०२४ चे दोन भाग मी एकच सिनेमा धरतो, तुम्हीही धरा. मध्ये २००० साली टीव्हीसाठी केलेली तीन भागांची मालिकाही आहे. तिच्यातलं वाळवंट म्हणजे मागे रंगवलेले पडदे, आणि ते बघून मला संगीत नाटकातला राजवाडा आठवतो. मालिका प्रामाणिक आहे, फ्रँक हर्बर्टच्या मूळ कादंबरीतल्या मेजवानीला तिनं जागा दिली आहे, पण निवडीच्या वेळी ती कुणाच्या डोक्यात नसते. तेव्हा तिला इथेच नमस्कार.

माझा क्रम पुस्तक, मग लिंच, मग व्हिलनव्ह असा झाला. पुस्तक फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेलं, कव्हर गायब, पहिली काही पानं सुटी. ते मी मे महिन्यात गावी वाचलं. आमचं गाव माणदेशातलं. मे महिन्यात तिथे टँकर येतो तेव्हा गावातलं बाकी सगळं थांबतं. पिंपं रांगेत, पिंपांवर ऑइलपेंटनं नावं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी गवती चहाच्या आळ्याला, असा आईचा हिशोब. त्या आळ्याशेजारी बसून मी कादंबरीतल्या अराकिस या वाळवंटी ग्रहाबद्दल वाचत होतो, त्यामुळे माझं मत तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो.

लिंचच्या सिनेमाबद्दल लोक फार वाईट बोलतात. मला तितकं पटत नाही. काचेच्या टाकीतून आणलेला तो अंतराळवाहतूक चालवणाऱ्या गिल्डचा नॅव्हिगेटर, धुरात तरंगणारा आणि तोंडातून किळसवाणं बोलणारा, नव्या सिनेमात त्याच्या तोडीचं विचित्र काही नाही. पॅट्रिक स्टुअर्ट कडेवर पग कुत्रं घेऊन लढाईत उतरतो. नायकाच्या घराण्याचा म्हातारा सल्लागार हवात याला विषावरचा रोजचा उतारा मिळवण्यासाठी एका मांजराचं दूध काढावं लागतं. स्टिंग एवढीशी चड्डी घालून वाफेतून बाहेर येतो. यातलं काहीही कादंबरीत नाही, पण हजारो वर्षांनंतरची माणसं आपल्याला परकी वाटायला हवीत, आणि लिंचची वाटतात. व्हिलनव्हची माणसं त्या मानानं आजचीच आहेत, फक्त कमी हसणारी.

लिंचवरचा मोठा आक्षेप कुजबुजीचा. प्रत्येक पात्र मनातल्या मनात जे बोलतं ते आपल्याला कुजबुजत्या आवाजात ऐकवलं जातं. पुस्तक न वाचलेल्याला ते हास्यास्पद वाटतं, कबूल. पण ज्यानं वाचलंय त्याला कळतं की कादंबरी चालतेच तशी. हर्बर्टच्या एका साध्या संवादात दोन माणसं बोलतात आणि चार माणसं मनात गणितं मांडत असतात. कोण कशासाठी गप्प बसलं, कुणाच्या बोटाची हालचाल खोटी, हीच तिथली मारामारी. लिंचनं ती वाकडीतिकडी का होईना, आणायचा प्रयत्न केला. व्हिलनव्हनं सरळ वगळली, आणि तिच्या जागी चेहरे, शांतता आणि हान्स झिमरचं संगीत ठेवलं.

झिमरबद्दल हळू बोललेलं बरं, त्याला या कामाचं ऑस्कर मिळालंय. तरीही पहिल्या भागात मला काही संवाद खालच्या अक्षरांवरूनच कळले. तो मी पाहिला २२ ऑक्टोबर २०२१ ला. दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातली थिएटरं त्याच दिवशी उघडली होती, एक सोडून एक खुर्ची, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. पडद्यावर नाकात नळ्या घातलेले फ्रेमेन, म्हणजे अराकिसचे रहिवासी, आणि समोर आम्ही. मध्यंतरात कुणी फारसं बोलत नव्हतं. त्या दिवशी कुठलाही सिनेमा आवडला असता, असं बायको म्हणते. असेलही. म्हणून मी तो घरी पुन्हा पाहिला.

नव्यात काय सुटलं याची यादी लांब आहे. थुफिर हवात दुसऱ्या भागात नाहीच. नायकाच्या घराण्याचा डॉक्टर युए इतका घाईत उरकलाय की त्याचा विश्वासघात विश्वासघात वाटत नाही, कारण विश्वास बसायला वेळच मिळालेला नसतो. पुस्तकात गंमत उलटी आहे: युए फितूर होणार हे आपल्याला सुरुवातीलाच सांगितलेलं असतं, आणि मग त्याच्या प्रत्येक मायेच्या शब्दाला आपण दचकतो. विचार करणारी यंत्रं का बंद झाली, माणसंच गणकयंत्रासारखी का शिकवली जातात, हे नव्या सिनेमात जवळपास कुठेच येत नाही. पुस्तकभर येणारा ‘जिहाद’ हा शब्द तिथे ‘धर्मयुद्ध’ होऊन येतो. त्यामागची कारणं कुणालाही समजतील, तरी पुस्तकातला अरबी वास त्यानं थोडा उडतो. सम्राट झालेला क्रिस्टोफर वॉकन मला झोपेतून उठवून आणल्यासारखा वाटला.

आता असं सगळं असताना मी नव्याकडे का झुकतो? पाण्यामुळे.

सँडवर्म म्हणजे वाळूतले राक्षसी किडे, स्पाइस म्हणजे नॅव्हिगेटरांना वाट दाखवणारा तिथला मसाला, घराणी हे सगळं आहेच, पण ‘ड्यून’ मुळात पाण्याची कादंबरी आहे. ऑरेगन राज्यात फ्लॉरेन्स नावाच्या गावाजवळ सरकत्या वाळूच्या टेकड्या गवत लावून रोखण्याचं सरकारी काम चाललं होतं. १९५७ मध्ये हर्बर्ट त्यावर लेख लिहायला तिथे गेला. लेख राहिला, डोक्यात वाळू शिरली, आणि १९६५ मध्ये कादंबरी आली. वीसेक प्रकाशकांनी नाकारलेली ती कादंबरी शेवटी छापली चिल्टननं, ज्यांची ओळख मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होती. म्हणजे या गोष्टीचं बी गवतात आहे. अराकिस हिरवा करायची फ्रेमेनांची योजनाही तशीच आहे. दव पकडायचं, गवत लावायचं, थेंब थेंब साठवायचं. तिथला ग्रहशास्त्रज्ञ जुना कायन्स त्यांना सांगतो की तीनशे ते पाचशे वर्षं लागतील. आपल्या नातवाच्या नातवालाही हिरवळ दिसणार नाही हे माहीत असून लोक पाणी साठवतात. एकट्या सिएचच्या, म्हणजे फ्रेमेनांच्या एका वस्तीच्या, कुंडात तीन कोटी ऐंशी लाख डेकालिटर, आणि तहानेनं मरणारासुद्धा त्याला हात लावत नाही.

ज्यानं पिंपावर नाव घातलंय त्याला हे वाचताना काय होतं, ते मला नीट सांगता येणार नाही.

नव्या सिनेमाला हे कळलंय. राजवाड्याच्या दारातल्या खजुरांना पाणी घालणारा माळी नायक पॉलला सांगतो की एकेक झाड पाच माणसांचं पाणी पितं, झाडं वीस. म्हणजे शंभर जीव. पॉल विचारतो, काढून टाकायची का? माळी घाबरून नाही म्हणतो. पुस्तकात हाच हिशोब पॉलची आई जेसिका आणि युए यांच्या बोलण्यात येतो, खजुराला दिवसाला चाळीस लिटर, माणसाला आठ. व्हिलनव्हनं तो उचलून माळ्याच्या तोंडी दिला आणि हिशोब जास्त बोचरा झाला. नंतर फ्रेमेनांचा म्होरक्या स्टिलगार पॉलच्या बापाच्या, ड्यूक लेटोच्या, टेबलावर थुंकतो. सगळे तलवारीला हात घालतात, आणि मग कळतं की त्यानं मान दिलाय, अंगातलं पाणी दिलंय. थिएटरात त्या वेळी काही जण हसले. मी नाही हसलो. आमच्याकडे मे महिन्यात पाहुण्याला तांब्याभर पाणी देताना आजी तांब्या काठोकाठ भरायची. तेही तसंच काहीतरी होतं.

आता लिंचचा शेवट. पॉल जिंकतो, शत्रू घराण्याचा फेड-रौथा मरतो, पॉलची लहानगी बहीण आलिया त्याचं देवत्व जाहीर करते आणि अराकिसवर पाऊस पडतो. धो धो. आकाशातून, आत्ता, पॉलच्या मनात आलं म्हणून.

मी हा शेवट पहिल्यांदा हॉस्टेलच्या खोलीत व्हीसीडीवर पाहिला. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मी पुस्तक वाचलेलं होतं, त्यामुळे माझा घास अडकला. एक तर पुस्तकात पाणी हे सँडवर्मचं मरण आहे. फ्रेमेन छोटा किडा पाण्यात बुडवूनच जीवनजल नावाचं विषारी पेय काढतात. किडे मेले की स्पाइस संपला, स्पाइस संपला की नॅव्हिगेटर आंधळे, म्हणजे त्या पावसानं पॉलनं जिंकलेलं साम्राज्य त्याच संध्याकाळी बुडायला हवं. पण हे झालं तर्काचं भांडण, ते मी सोडूनही देईन. मला खुपतं ते वेगळंच. कादंबरीच्या शेवटी पॉल पाण्याचं वचन देतो. तिथे पाऊस पडत नाही. त्या वचनापायी किती माणसं मरणार हे त्याला दिसत असतं आणि थांबवता येत नसतं. लोकांनी ज्याला तारणहार मानलं तो त्यांच्यावरचं संकट आहे, ही गोष्टीची कळ. पाऊस पाडला की कळच निघून जाते. उरतो एक चमत्कार करणारा बुवा, आणि सिनेमा स्वतःच त्याच्या पाया पडतो.

पाऊस पाडून देतो म्हणणारी माणसं आमच्याकडेही येऊन गेली आहेत. एकदा वर्गणीही काढली होती. असो.

इथे लिंचची बाजू सांगायला हवी. अंतिम संकलनाचा हक्क त्याच्याकडे नव्हता. सव्वादोन तासांत सगळं पुस्तक कोंबायचं होतं, त्यामुळे पॉलची फ्रेमेनांमधली दोन वर्षं निवेदनात चार वाक्यांत उडतात. पुढे टीव्हीसाठी लांबवलेल्या आवृत्तीवरून त्यानं आपलं नावही काढून घेतलं. १९८४ मध्ये काही थिएटरांत प्रेक्षकांना आधी शब्दार्थांचा कागद वाटला होता म्हणे, म्हणजे घोटाळा सगळ्यांनाच माहीत होता. पावसाचा दोष एकट्या त्याच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. तरीही पाऊस पडतोच.

आणि नव्यात चमत्कार नाही असं कुठे आहे? दुसऱ्या भागात पॉल जीवनजल पिऊन मेल्यासारखा पडतो, आणि त्याची फ्रेमेन प्रेयसी चानी हिच्या आसवाचा थेंब त्याला उठवतो. अश्रूनं जिवंत झालेला नायक! पुस्तकात असं नाही. तिथे चानी तेच जीवनजल त्याच्या नाकाशी धरते आणि बाकी काम तिच्या डोक्याचं. मला वाटलं, संपलं, यांनीही पाऊसच पाडला.

पण पॉल डोळे उघडतो आणि चानी त्याला कानाखाली वाजवते.

माझ्यापुरता निकाल तिथे लागला. भविष्यवाणी खरी ठरावी म्हणून जेसिकानं समोरच्याला आज्ञा पाळायला लावणाऱ्या आपल्या आवाजाच्या जोरावर तिला ते करायला लावलेलं असतं, आणि चानीला ते कळतं. एक सिनेमा चमत्काराला हात जोडतो, दुसरा थोबाडीत मारतो. पुस्तकाचे कडवे भक्त चानीवरून व्हिलनव्हशी भांडतात, कारण पुस्तकातली चानी पॉलला सोडून जात नाही आणि ही शेवटी एकटी वाळवंटात उभी राहून किड्याची वाट बघते. मीही पहिल्यांदा कुरकुरलो होतो. आता वाटतं, हर्बर्टच्या मनातलं जे वाचकांच्या लक्षात आलं नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याला १९६९ मध्ये दुसरी कादंबरी लिहावी लागली, ते या एका बाईच्या चेहऱ्यावर मिळालं.

तेव्हा, पुस्तक वाचलेलं नसेल आणि गोष्ट कळायला हवी असेल तर नवा घ्या. पाच तास एकवीस मिनिटं आहेत, दोन रात्री द्या, आवाज मोठा ठेवा आणि सबटायटल्स लावा. छोट्या पडद्यावर निम्मी वाळू वाया जाते, पण माळी आणि स्टिलगार तिथेही पोचतात. पुस्तक वाचून झालं असेल, किंवा तुम्हाला नीटनेटक्या सिनेमांचा कंटाळा असेल, तर लिंचनं सुरुवात करायला हरकत नाही. वेडेपणाच बघायचा तर तो तिथेच. फक्त त्याला ‘ड्यून’ची गोष्ट समजू नका. पुस्तक आधी वाचावं का, याला माझं उत्तर मे महिन्यातलं आहे, तुमचं वेगळं असू शकतं. मेजवानीच्या दारात हात धुऊन पाणी मुद्दाम जमिनीवर सांडायची आणि मग त्या ओल्या टॉवेलांचं पिळलेलं पाणी बाहेरच्या भिकाऱ्यांनी मिळवायचं, अशी श्रीमंती रीत ड्यूक लेटो एका रागात बंद करतो. तो प्रसंग यातल्या एकाही सिनेमात नाही, आणि त्याच्याशिवाय मला लेटो पुरा वाटत नाही.

भाचीला मी शेवटी लिहिलं: नवा बघ, तिकडेच. जुना दिवाळीत इकडे आलीस की आपण दोघं मिळून बघू. मांजराच्या प्रसंगाला हसू. शेवटी पाऊस सुरू झाला की मी चहा टाकायला उठेन, तेवढं चालवून घे.