सिग्नल आयसोलेटर : दालमिलच्या पॅनलमध्ये पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा

सेन्सरचा सिग्नल पीएलसीला (मशिनरी चालवणाऱ्या कंट्रोलरला) चालेल अशा व्होल्टमध्ये बदलायचा, एवढ्यासाठीच सिग्नल आयसोलेटरचं हे मॉड्यूल घेत असाल तर घेऊ नका. ते काम बहुतेक वेळा एक रेझिस्टर करतो. पैसे मोजायचे ते आयसोलेशनचे, म्हणजे दोन बाजू विजेनं तोडून फक्त सिग्नल पलीकडं पोचवण्याचे, आणि त्याची गरज कुठं पडते हे आपल्याकडं उन्हाळाच सांगतो.

लातूर एमआयडीसीतल्या एका तूरडाळीच्या मिलचं पॅनल माझ्याकडं देखभालीला आहे. आत सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी, सीपीयू १२१४सी. त्याला अंगचेच दोन ॲनालॉग इनपुट आहेत आणि दोन्ही ० ते १० व्होल्टचेच. करंट थेट घेत नाहीत. एकावर ड्रायरचं तापमान, दुसऱ्यावर वजनाचा हॉपर.

तापमानाकडं पीटी-१०० सेन्सर आहे, त्याच्या हेडमध्ये तापमान ४-२० मिलिअँपिअरच्या करंटनं कळवणारा ट्रान्समीटर. तिथं इनपुटवर ५०० ओहमचा रेझिस्टर टाकला, की ४ ला २ व्होल्ट आणि २० ला १० व्होल्ट. प्रोग्रॅममध्ये ५५३० ते २७६४८ (२ आणि १० व्होल्टला पीएलसीत दिसणारे आकडे) असं स्केलिंग करायचं, झालं. आकडा २ व्होल्टच्या बराच खाली गेला तर वायर तुटली हेही कळतं. ही सोय साध्या ० ते १० मध्ये नाही. तिथं शून्य म्हणजे शून्य की तुटलेली वायर, ओळखता येत नाही. रेझिस्टर मात्र पाव वॉटचा नको. २० मिलिअँपिअरला त्यात ०.२ वॉट जिरतात आणि मे महिन्यात पॅनल आधीच भट्टी झालेलं असतं. अर्ध्या किंवा एक वॉटचा मेटल फिल्म, शक्यतो ०.१ टक्क्याचा घ्या. १ टक्क्याचा असला तर मल्टिमीटरनं मोजून तोच आकडा स्केलिंगमध्ये धरा.

यात एक खोच आहे. २० मिलिअँपिअरला हा रेझिस्टर १० व्होल्ट खातो. सप्लायच्या चोवीस व्होल्टमधून चौदा उरले, आणि बऱ्याच ट्रान्समीटरना दहा-बारा तरी लागतात. एसएमपीएस, म्हणजे तो सप्लाय, म्हातारा होऊन २१ वर आला, तर बारा मागणारा ट्रान्समीटर १८ मिलिअँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. खालची रीडिंग अगदी बरोबर, वर मात्र काटा अडकतो. अशा वेळी लोक सेन्सर बदलत बसतात.

आता हॉपर. लोडसेल, म्हणजे वजनाचा सेन्सर, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा, म्हणजे १० व्होल्ट दिल्यावर पूर्ण भाराला जेमतेम २० मिलिव्होल्ट. म्हणून हॉपरजवळच ॲम्प्लिफायर बसवलेला, तो ५०० किलोला १० व्होल्ट देतो. कागदावर जुळणी चोख! पण त्या ॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय तिकडचा, त्याचा मायनस तिकडच्या अर्थिंगला, आणि आमच्या पॅनलचा मायनस इकडच्या अर्थिंगला. सिग्नलच्या मायनस वायरनं ही दोन टोकं जोडली गेली, आणि एलिव्हेटरच्या ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या युनिटचा) गळतीचा करंट त्यातूनही वाहू लागला. इथं एका किलोला २० मिलिव्होल्ट. दोन अर्थिंगमध्ये ५० मिलिव्होल्टचा फरक पडला, तर अडीच किलो हवेतून आले. पावसाळ्यात हे जाणवत नव्हतं. काळी माती वाळून भेगाळली, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढला, आणि ऑपरेटर रोज म्हणू लागला, "साहेब, वजन नाचायलंय की ओ." खड्ड्यात पाणी ओतलं की चार दिवस बरं. शेठ प्रत्येक कट्ट्यामागं किती गेलं याचा हिशेब लावून मोकळे.

तिथं आयसोलेटर बसवला : इनपुट, आउटपुट आणि सप्लाय तिन्ही एकमेकांपासून तोडलेले, ० ते १० आत, ० ते १० बाहेर. व्होल्ट बदलायचे नव्हतेच. सिग्नल केबलची शिल्ड (वरचं धातूचं आवरण) फक्त पॅनलकडच्या टोकाला अर्थ केली. ड्राइव्ह चालू-बंद करून पाहिलं, आकडा हलला नाही. उन्हाळाभर तसाच राहिला. पीएलसीचा इनपुट दहा बिटचा, म्हणजे १०२४ पायऱ्यांचा असल्यानं अर्ध्या किलोची एक पायरी आहे, त्याखालचं हा मॉड्यूल काही देऊ शकत नाही. नेमकं वजन हवं असेल तर वेगळं वेइंग मॉड्यूल लागतं.

तक्रारी आहेत. सिग्नल निवडायचे डिप स्विच इतके बारीक, की पेचकसाच्या टोकानं एकाऐवजी दोन सरकतात, आणि त्यांचा तक्ता बाजूच्या स्टिकरवर. रेलवर शेजारी दुसरा मॉड्यूल बसला की तो दिसतच नाही. तक्त्याचा फोटो दाराच्या आत चिकटवून ठेवा. स्पॅनचा ट्रिमपॉट (वरचं टोक जुळवायचा बारीक स्क्रू) थरथरीनं किंचित सरकतो, त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकलाय. लाइट जाऊन आली की आउटपुट स्थिर व्हायला थोडा वेळ घेतं, तेवढ्यात पीएलसी "हॉपर रिकामा" म्हणून पुढची गाडी हाकतो. प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला थोडा टायमर घातला की भागतं. किंमत अडीच हजारांच्या आसपास पडली, त्या मानानं टर्मिनलचे स्क्रू हलके आहेत.

०.५ ते ४.५ व्होल्टचा प्रेशर सेन्सर असेल तर कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. थेट ० ते १० वर जोडा. चाळीस टक्केच रेंज वापरली जाते, तरी चारशेच्या वर पायऱ्या मिळतात. १० बारच्या कॉम्प्रेसरला त्या पुरतात. फक्त त्याचा ५ व्होल्टचा सप्लाय पक्का हवा. तो हलला की आउटपुटही त्याच प्रमाणात हलतं. डिजिटल इनपुटला मात्र ५ व्होल्टचा सेन्सर चालत नाही, तिथं ऑन व्हायला १५ व्होल्ट लागतात. मोजणी सावकाश असेल तर मध्ये ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल पलीकडं देणारा भाग) टाका.

आणि सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटवाल्यांनी हा आयसोलेटर हेक्झेनच्या (पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या) भागातल्या सेन्सरला लावू नये. तिथं प्रमाणित सेफ्टी बॅरिअरच लागतो. दिसायला दोन्ही सारखेच, रेलवर शेजारी शेजारी बसतात, पण ठिणगीची ऊर्जा मर्यादित ठेवायचं काम यात नाही.