रात्रीची कॅज्युअल्टी: नर्सिंग एक नंबर, पण ॲडमिट करायची भारी घाई

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, आमच्या भागातलं मध्यम साइजचं प्रायव्हेट आहे. तीन स्टार देतेय, त्यातले दोन सिस्टर लोकांचे.

सासऱ्यांचं बीपी रात्री घरच्या मशीनवर १८०/११० आलं. छातीत दुखत नाही, दम नाही, बोलणं स्पष्ट, उलट आमच्यावरच ओरडतायत की मला झोपू द्या. पण फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना बंद, फोन लागेना, मग जाणार कुठे, कॅज्युअल्टीच. ईसीजी लगेच काढला, नॉर्मल. सिस्टरनी गप्पा मारत मारत काढून घेतलं की बीपीची गोळी संपलीये आणि बाबांनी नवीन पाकीट आणलेलंच नाही. खरं तर विषय इथेच संपला ना? गोळी घ्या, थोडं थांबा, सकाळी ओपीडीला या.

पण ड्युटीवरचा डॉक्टर अगदी नवखा पोरगा, मोठे डॉक्टर फोनवर, आणि पेशंट न बघता घरी न्या असं कोण म्हणेल? उद्या काही झालं तर नातेवाईक ग्राहक कोर्टात जातील नाहीतर काचा फोडतील, त्याचंही बरोबरच आहे म्हणा. म्हणून "ऑब्झर्वेशनला ठेवू". लगेच काउंटरवरून "मेडिक्लेम आहे ना?" आणि ठाण्याहून नणंदबाई फोनवर, "वहिनी, रिस्क कशाला, ठेवा ना एक दिवस!" झालं, बाबा आयसीयूत. रात्रभर मॉनिटरची टूंटूं, डोळ्यावर लाइट, शेजारचे आजोबा कण्हतायत, अशात बीपी उतरायचं कसं? डिस्चार्ज कार्डावर औषध कुठलं, तर तीच जुनी गोळी.

आता मेडिक्लेमचं ऐका. बहुतेक पॉलिसीत २४ तास ॲडमिट असल्याशिवाय पैसे नाहीत, साध्या ओपीडीचं काहीच मिळत नाही, म्हणून सगळ्यांनाच वाटतं ठेवलेलं बरं. पण त्याच पॉलिसीत नुसत्या तपासण्यांसाठी ॲडमिट झालात तर क्लेम नाही असंही कलम असतं, आणि टीपीएनी, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीनी, नेमकं तेच दाखवून कॅशलेस नाकारलं. सगळं बिल खिशातून. काउंटरवाला म्हणतो, "तुमची पॉलिसीच तशी आहे मॅडम." अहो मग रात्री आधार-पॅन मागताना का नाही बोललात?

हातपाय मोडला, तोंड वाकडं झालं, छातीत दुखतंय तर बिनधास्त इथे जा, एक मिनिट वाया घालवत नाहीत. नुसता आकडा वाढलाय आणि त्रास काहीच नाही, तर सही करायच्या आधी मोठ्या डॉक्टरांना स्वतः फोनवर घ्या आणि सरळ विचारा, गोळी देऊन घरी नेलं तर चालेल का. पार्किंग फुकट आहे, कॅन्टीनचा चहा पाणचट.