पिस्तूल की पेपर स्प्रे?

ह्यूस्टनला गेलेला भाचा विचारतोय, स्वसंरक्षणासाठी घरात काय ठेवू? आधी व्हिसा बघ. एच-वन-बीवर असताना संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही; शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. टेक्सासात 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना विनापरवाना पिस्तूल जवळ बाळगता येतं, पण म्हणून ते सोपं होत नाही.

खर्चात स्प्रे किरकोळ. पिस्तुलाला शेकडो डॉलर, वर कुलूपबंद पेटी, गोळ्या, रेंजवरचा सराव. स्प्रेची मुदत संपते, उलट्या वाऱ्यात तो आपल्याच डोळ्यांत जातो. पण पोराच्या हाती लागला तर डोळे धुऊन निभावतं.

गावाबाहेर घर, पोलीस लांब, सराव नियमित, तर पिस्तूल. अपार्टमेंट, लहान मुलं, रात्रीचं पार्किंग, तर स्प्रेच.