बायोगॅस टाकीत पाकिटातलं कल्चर: जून ते जानेवारी वापरल्यावर

टाकी १० घनमीटरची, तरंगत्या डोमची, म्हणजे गॅस साठला की वर येणाऱ्या झाकणाची. रोज साधारण १०० किलो ओला कचरा आणि तेवढंच पाणी, म्हणजे घातलेला माल आत ५० दिवस राहतो. मुंबईतल्या मोठ्या सोसायट्यांना २०१७ पासून ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो, त्यामुळे अशा टाक्या वाढल्या आणि ‘गॅस वाढवणाऱ्या’ कल्चरची, म्हणजे जिवाणूंच्या सुक्या पावडरीची, पाकिटंही. आठ महिन्यांनंतरचं मत आधीच सांगून टाकतो: नीट चाललेल्या टाकीला रोजचा डोस लागत नाही. टाकी नव्याने लावताना किंवा आंबल्यावर बाहेरून जिवाणू घालणं फार उपयोगी पडतं, पण तेव्हा पाकीट कामाला येत नाही.

टाकीत सूक्ष्मजीवांचे कामाचे दोन गट असतात. पहिला अन्न फोडून त्याचं आम्ल करतो, दुसरा त्या आम्लापासून मिथेन. शिजवलेला भात, पोळ्या, डाळ फोडायला पहिल्या गटाला मदत लागतच नाही, तो स्वयंपाकघरातूनच कचऱ्यासोबत येतो. अडतं ते मिथेनवाल्यांपाशी. त्यांची संख्या दुप्पट व्हायला दिवस लागतात आणि हवा त्यांना सोसत नाही. सुक्या पावडरीत तग धरून राहतात ते मुख्यतः पहिल्या गटातले. त्यामुळे आंबट झालेल्या टाकीत पावडर ओतली की आम्ल आणखी वाढायचा धोका असतो.

मग पाकीट घातल्यावर दुसऱ्या दिवशी डोम वर का येतो? गुळामुळे. कल्चर ‘जागं’ करायला २ किलो गूळ कोमट पाण्यात रात्रभर ठेवायला सांगतात. किलोभर गुळातून पाऊण घनमीटरच्या आसपास गॅस निघू शकतो, म्हणजे दोन किलोंत जवळजवळ दीड. आमच्या टाकीला दिवसाला ८ ते १० घनमीटर अपेक्षित असतो. त्यात दीडची भर डोळ्यांना दिसतेच आणि श्रेय पाकिटाला जातं.

खरं-खोटं करायचं असेल तर पाण्याचे २० लिटरचे दोन जार घ्या. दोन्हींत टाकीतली सारखीच स्लरी (आतला पातळ काला) १५ लिटर आणि सारखाच वाटलेला कचरा. एकात गुळात जागवलेलं कल्चर घाला, दुसऱ्यात तेच कल्चर उकळून गार करून, म्हणजे जिवाणू मरतात आणि गूळ राहतो. बुचातून नळी काढून पाण्यात उपड्या धरलेल्या बाटलीत गॅस गोळा करा आणि रोज खूण करा. तीन आठवडे तरी चालू द्या. उकळलेल्याचा आणि न उकळलेल्याचा गॅस सारखाच आला तर पैसे गुळावर गेले. आमच्याकडे दोन्ही खुणा जवळजवळ बरोबरीने चढल्या.

टाकी आंबते ती बहुधा सणात. गणपतीत मोदकांचा आणि मिठाईचा गोडवा, दिवाळीत फराळाचं तूप-तेल, आणि भरणारा माणूस आलं तेवढं सगळं ढकलतो. पहिली खूण ज्योतीत दिसते: बर्नरवरून उचलली जाते आणि विझते, कारण गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. पीएच पट्टी उशिरा बोलते. पट्टी ६.५ दाखवते तोवर आम्ल मारणारा टाकीचा क्षार संपत आलेला असतो. म्हणून स्लरीच्या नमुन्यात आम्ल आणि क्षार यांचं गुणोत्तर पंधरवड्याला काढून घ्यावं. ०.३ च्या आसपास असेल तर निर्धास्त, ०.५ पुढे गेलं तर भरणं कमी करा.

आंबलीच तर हा क्रम: भरणं पूर्ण बंद. ५ किलो खायचा सोडा पाण्यात विरघळवून दोन दिवसांत विभागून. चुना नको, तो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि खाली खडी साचवतो. मग चालू असलेल्या दुसऱ्या टाकीची ताजी स्लरी, एकूण मापाच्या दहा टक्के तरी, म्हणजे इथे १००० लिटर. ती नसेल तर गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यातलं ताजं शेण, पाण्यात निम्मेनिम्मे कालवून. शेणासोबत मिथेनवाल्यांना हवं असलेलं निकेल, कोबाल्टही थोडं येतं, पाकिटात ते असेलच असं नाही. ज्योत टिकली की रोज १० किलो, आणि दर आठवड्याला १० किलोंची वाढ. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

पाकीट वापरायचंच असेल तर नळाचं पाणी आधी उघड्या बादलीत रात्रभर ठेवा, त्यात क्लोरीन असतं. भरण्याच्या हौदाजवळ फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर नको. क्रशरमध्ये आंब्याच्या कोयी, नारळाची करवंटी, कोळंबीची टरफलं आणि ढीगभर लिंबू-मोसंबीची सालं जाऊ देऊ नका, सालींतलं तेल जिवाणूंना मारतं. जानेवारीच्या गार रात्रींत गॅस थोडा उतरला तर पाकीट आणू नका, कालवायला कोमट पाणी घ्या.